कळवू नये

मामांच्या डोक्यात काय आहे ते मामांच्या आधी मला कळलं, आणि चार दिवस मी ते त्यांना सांगितलं नाही. या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. ते चार दिवस मला अजूनही एकेक करून आठवतात.

मी एमआरआयची तंत्रज्ञ. सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या मागं एक बसकी इमारत आहे, तिथं आमची मेंदूच्या संशोधनाची प्रयोगशाळा. आजारी माणसं पुढच्या इमारतीत जातात. आमच्याकडं येतात ती धडधाकट, संशोधनासाठी स्वखुशीनं आलेली. त्या वर्षी आम्ही यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसांचे मेंदू तपासत होतो. तीस-चाळीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहिल्यावर माणसाच्या ऐकण्यात आणि आठवणीत काय फरक पडतो, असा विषय.

आम्ही चौघं होतो. मॅडम प्रमुख, त्या रेडिओलॉजिस्ट, बोलायला कमी आणि नियमाला पक्क्या. एक तरुण इंजिनिअर, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातला. वडील अजून मागावर जायचे, त्यामुळं हा विषय त्याच्या घरचाच. मी काढलेल्या स्कॅनवर तो संगणकात पुढचं काम करायचा. तिसरी मी. आणि चौथे मामा; सगळेच त्यांना मामा म्हणायचे.

मामांचं कागदावरचं पद ‘मदतनीस’. माणूस सांगोल्याकडचा, पंचावन्न वर्षांचा, उंच आणि काटक. लहानपण मेंढरांमागं गेलेलं. आमच्या खोलीतलं यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक, आणि तो कधीच बंद नसतो. एखादी साधी पिन आत गेली तरी ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर लोखंडाचा कण राहिला नाही ना, हे बघायचं काम मामांचं. बायकांना ते स्वतः हात लावायचे नाहीत, पण दारात उभं राहून एकेक आठवण करून द्यायचे. ‘पदराची पिन? केसातला आकडा? कमरंचा छल्ला? बगा बरं पुन्यांदा.’ त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही याचा त्यांना अभिमान होता.

त्याहून मोठं काम म्हणजे माणसांची भीती घालवणं. त्या नळकांड्यात तोंडावर पिंजऱ्यासारखी चौकट लावून अर्धा-पाऊण तास पडून राहायचं, वर तो ठोकाठोकीचा आवाज. भलेभले दारातूनच माघारी फिरायचे. एकदा एका विणकर बाईंनी इंजिनिअरला तेलुगूत विचारलं, की यात मनातलं दिसतं का? त्यानं मराठीत सांगितल्यावर मामा म्हणाले, ‘मनातलं दिसत असतं तर म्या हितं कामाला ऱ्हायलो असतो व्हय?’ बाई हसल्या आणि गुपचूप आत जाऊन झोपल्या.

अभ्यासाला मागावर काम न केलेलीही माणसं लागत होती, त्याच वयाची, म्हणजे दोघांची तुलना करता येते. ती मिळेनात. एका मंगळवारी ठरलेला माणूस आलाच नाही आणि यंत्र रिकामं राहिलं. मामा म्हणाले, ‘माझं घ्या की. मला काय धाड भरलीय? म्या कुटं मागावर काम केलंय?’ मॅडम तेव्हा दिल्लीला परिषदेला गेल्या होत्या. मी फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, ‘नियमात बसतात. फॉर्म नीट भरून घ्या.’

ते ‘नीट’ माझ्याकडून झालं नाही.

फॉर्म सहा पानांचा. प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचायचा, समजला का विचारायचं, मग समोरच्या माणसानं स्वतः खूण करायची, असा नियम. मामांनी हाच फॉर्म शेकडो वेळा ऐकलेला, म्हणून मी भराभर पुढं सरकत होते. पाचव्या पानावर एक प्रश्न आहे: तपासणीत आरोग्याच्या दृष्टीनं काही अनपेक्षित आढळलं तर आपल्याला कळवावं की कळवू नये? पुढं दोन चौकोन. मी म्हटलं, ‘मामा, काही सापडलं तर सांगायचं का?’

ते हसले. ‘न्हाय सांगितलं तरी चालतंय. माझ्या डोक्यात काय घावतंय तुमाला!’

मीही हसले, आणि ‘कळवू नये’च्या चौकोनात माझ्याच पेननं खूण केली. मामांनी शेवटच्या पानावर सही केली. वळणदार अक्षरात, पूर्ण नाव.

पहिली वीस मिनिटं सगळं नेहमीसारखं गेलं. काचेपलीकडं त्यांची पावलं दिसत होती, टाचांना भेगा पडलेली. मग मी रक्तवाहिन्यांचा भाग सुरू केला. त्यात डोक्यातल्या धमन्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या उमटतात. मी रोज बघते त्या. कुठली कुठून निघते, कुठं वळते, हे मला डोळे मिटून सांगता येतं. म्हणूनच एका फाट्यावर जे नको होतं ते लगेच दिसलं. धमनीच्या भिंतीला आलेला गोल फुगवटा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

मी चित्र फिरवून बघितलं. दुसऱ्या बाजूनं बघितलं. वाटलं, हललं असेल डोकं, सावली असेल. पण मामा हलणाऱ्यातले नव्हते. फुगवटा प्रत्येक बाजूनं तिथंच होता.

असा फुगवटा कित्येक वर्षं काही न करता पडून राहतो, हे मी शिकले होते. तो फुटला तर माणूस उभ्या उभ्या कोसळतो, हेही शिकले होते. पुढच्या इमारतीत नोकरी करत असताना तसा कोसळलेला एक माणूस मी स्ट्रेचरवर बघितलेला होता.

स्पीकरमधून मामांचा आवाज आला. ‘ताई, झालं का?’

‘झालंच मामा. दोन मिनिटं,’ मी म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

ते बाहेर आले, मानेला हात लावत. ‘मग? हाय का आत काय?’

‘मॅडम बघतील,’ मी म्हटलं. हे वाक्य आम्ही प्रत्येकालाच सांगतो. मामांनी ते हजारदा ऐकलेलं, म्हणून त्यांना काहीच वेगळं वाटलं नाही. ते चहा सांगायला गेले.

इंजिनिअर आत आला. पडद्याकडं बघून तो तेलुगूत काहीतरी पुटपुटला. ‘हे तेच आहे ना?’ त्यानं विचारलं. मी मान हलवली आणि दार लोटून घेतलं.

तासाभरात मॅडमनी दिल्लीहून चित्रं बघितली. त्यांचा फोन आला तेव्हा मी जिन्याखाली जाऊन उभी राहिले.

‘आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आकारही बरा नाही. फॉर्मवर काय लिहिलंय?’

‘कळवू नये,’ मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, ‘मग आपण परस्पर सांगू शकत नाही. त्यांनी स्वतः लिहून दिलंय. मला हे संशोधनाच्या नैतिकता समितीपुढं ठेवावं लागेल. सोमवारच्या आधी सगळे जमणार नाहीत. तोवर कुणी एक शब्द बोलायचा नाही.’

‘मॅडम, तोवर काही झालं तर?’

‘बहुतेकांना काही होत नाही,’ त्या म्हणाल्या. बाकीच्यांचं त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्याच वेळी सांगायला हवं होतं, की ती खूण मामांची नाही, माझी आहे. तोंडापर्यंत आलं होतं. पण नियम मोडला म्हणून नोकरी जाईल, या भीतीनं मी फोन ठेवला. घरात मी एकटी कमावती. आई माझ्यावर अवलंबून. आज हे लिहिताना त्या कारणाचा मला आधार वाटत नाही.

बुधवारी सकाळी आमच्या ठरलेल्या कामांत पहिलं काम म्हणजे यंत्राची चाचणी. त्यासाठी पाण्यानं भरलेला एक जड गोळा कपाटातून काढून आत ठेवावा लागतो. मामा तो रोज एकट्यानं उचलायचे. मी दारातून बघितलं, तर ते वाकलेले, गोळा दोन्ही हातांत, मानेच्या शिरा ताठ झालेल्या. मी धावत जाऊन गोळ्याला हात घातला.

‘सोडा मामा, मी ठेवते!’

त्यांनी गोळा सोडला नाही. ‘आवो पडंल की! काय झालंय तुमाला आज?’

‘काही नाही. तुमची पाठ दुखते ना.’

‘माझी पाठ?’ ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना ते लागलं होतं. ज्या माणसानं कधी रजा काढली नाही, त्याच्या हातातलं काम मी ओढून घेत होते. त्यानंतर दिवसभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मी मात्र त्यांच्यावरून नजर काढू शकत नव्हते. ते शिंकले तरी मी दचकायची. जिना चढताना त्यांच्या पावलांचा आवाज मध्येच थांबला की मी खुर्चीतून उठायची. इंजिनिअरचीही तीच गत. तो दर अर्ध्या तासानं काहीतरी कारण काढून बाहेर यायचा, मामांना बघायचा आणि परत आत जायचा.

गुरुवारी दुपारी मी डबा खाऊन आले, तर मामा भिंतीला टेकून खाली बसलेले. दोन्ही हातांनी डोकं धरलेलं, डोळे मिटलेले.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. ‘मामा! मामा, बोला माझ्याशी! हात वर करा. दोन्ही हात वर करा!’

त्यांनी डोळे उघडले. ‘आवो, काय झालं वरडायला? टावेल खोलीवरच ऱ्हायला. बोडक्यानं गाडीवर आलो हुतो नई जिंदगी वस्तीतनं. डोस्कं भणभणतंय उनानं, दुसरं काय न्हाय.’

मी त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, त्यांना हसायला सांगितलं, नाव विचारलं. ते सगळं करत गेले, पण बावचळून. इंजिनिअरनं ताक आणलं. ते पिऊन मामा अर्ध्या तासात उठले आणि कामाला लागले.

शुक्रवारी मॅडम आल्या. समिती सोमवारी अकरा वाजता बसणार होती. ‘आता दोनच दिवस,’ त्या म्हणाल्या. पण त्या दोन दिवसांत एक रविवार होता, आणि रविवारी मामा गावाकडं जाऊन डाळिंबाच्या बागेत औषधाचा पंप पाठीवर घेऊन फिरायचे, हे मला ठाऊक होतं.

शनिवारी अर्धा दिवस काम. मॅडम पुढच्या इमारतीत होत्या. मी कोरा फॉर्म घेतला आणि मामांना समोर बसवलं.

‘मामा, तुमच्या फॉर्ममध्ये एक चूक झालीय. माझी चूक. एक प्रश्न मी नीट विचारला नव्हता. आता पुन्हा विचारते.’

‘इचारा की.’

मी वाचायला लागले. सगळा प्रश्न, एकेक शब्द, थांबत थांबत. ‘तपासणीत आरोग्याच्या दृष्टीनं काही अनपेक्षित आढळलं तर...’ तिथंच मी अडले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मामा कागदाकडं बघत नव्हते. माझ्या तोंडाकडं बघत होते. पाण्याचा गोळा, गुरुवारचा माझा आरडाओरडा, इंजिनिअरच्या फेऱ्या, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून जुळत गेलेलं मला दिसलं.

‘घावलंय व्हय काय?’ त्यांनी हळूच विचारलं.

मी फॉर्म त्यांच्यापुढं सरकवला.

त्यांनी खिशातून आपलं पेन काढलं आणि ‘कळवावे’ या चौकोनात खूण केली. रेघ कागदाला भोक पडेल इतकी दाबून ओढली. मग म्हणाले, ‘सांगा.’

मी सांगितलं. कागदावर धमनी काढून दाखवली, फुगवटा काढला. फुटण्याआधी कळलंय, यावर पुण्यात इलाज आहे, असं दोन-तीनदा म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फक्त एकच विचारलं, ‘मंगळवारपासनं म्हाईत हुतं तुमाला?’

‘हो.’

‘बरं,’ ते म्हणाले आणि उठून गेले.

सोमवारी ते आले नाहीत. फोन बंद. तेव्हा मात्र समिती बसायच्या आधी मी मॅडमपुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं: खुणेचं, शनिवारचं, चार दिवस गप्प राहिल्याचं. मॅडम चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ‘खूण तुमची होती हे मंगळवारी सांगितलं असतंत,’ त्या म्हणाल्या, ‘तर मी त्याच दिवशी मामांना फोन केला असता.’

पुढं मला लेखी ताकीद मिळाली आणि फॉर्म भरून घेण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं. त्या ताकिदीचं मला काही वाटलं नाही. मॅडमचं ते वाक्य मात्र मी अजून बाजूला ठेवू शकलेले नाही.

मंगळवारी इंजिनिअरच्या गाडीतून आम्ही दोघं मामांच्या गावाला निघालो. मंगळवेढा मागं पडेपर्यंत मी मामांचा फोन लावून बघत होते. गावात शिरताना एका घरापुढं माणसं जमलेली दिसली आणि इंजिनिअरनं गाडीच थांबवली. त्याला पुढं नेववेना. मी उतरून विचारलं. बारसं होतं.

मामांच्या बायकोनं दारातच आम्हाला ओळखलं. कधी भेटलो नसतानाही. ‘ते माळावर हायती,’ त्या म्हणाल्या. ‘दोन दिस झालं, भावाची मेंढरं घेऊन जात्यात आन् दिवस मावळायला येत्यात. काय इचारलं तर बोलत न्हायती. काय झालंय वो ताई? नोकरी गेली का?’

म्हणजे त्यांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. पुन्हा एकदा मला माहीत होतं आणि समोरच्या बाईला नव्हतं.

माळावर मामा एका बाभळीच्या सावलीत बसले होते. मेंढरं लांब पांगलेली. आम्हाला बघून ते उठले नाहीत. मी जवळ जाऊन खाली बसले.

‘पळून न्हाय आलो,’ ते म्हणाले. ‘हितं बसलं की काय फुटंल असं वाटत न्हाय. तितं त्या मशिनीपुढं उभा ऱ्हायलो तर पाय चालायचं न्हायती माझं. इतकी माणसं म्या आत धाडली ताई. भिऊ नका, भिऊ नका म्हनून. त्यास्नी कसं वाटत आसंल ते मला आत्ता कळालं.’

‘मामा, माझं चुकलं. त्या दिवशीच सांगायला हवं होतं.’

‘व्हय, चुकलं,’ ते म्हणाले. मोठ्या मनानं माफ केल्यासारखं नव्हे. नुसतंच खरं ते. मग मेंढरांकडं बघत त्यांनी विचारलं, ‘पुन्याला जावं लागंल म्हनं?’

‘मॅडमनी बोलणं केलंय. डोकं उघडत नाहीत. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर नेतात आणि तो फुगवटा आतून भरून टाकतात.’

‘आन् तितंच फुटला मंजी?’

इंजिनिअरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ‘तसं होऊ शकतं. क्वचित होतं, पण होतं.’

मामांनी मान डोलावली. ‘हे खरं सांगितलं तुमी,’ ते म्हणाले आणि काठी टेकत उठले. घरी जाऊन त्यांनी बायकोला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आम्ही अंगणात थांबलो. आतून रडण्याचा आवाज आला नाही. भांडं पडल्याचा आला.

पुण्याच्या दवाखान्यात त्यांना आत नेलं त्या सकाळी मी, मॅडम आणि मामी, तिघी बाहेर बाकावर बसलो होतो. दीड तास म्हणाले होते. तीन तास झाले. मॅडम घड्याळ बघायच्या आणि हात मांडीखाली दाबून ठेवायच्या. एवढ्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघत होते. दार उघडून डॉक्टर बाहेर आले तेव्हा मामींनी माझा दंड इतका घट्ट धरला, की नखांचे वण आठवडाभर राहिले.

फुगवटा बंद झाला होता. नळी वर नेताना एक बारीक गुठळी सुटली होती, म्हणून वेळ लागला. मामांचा डावा हात काही दिवस लुळा पडला, मग हळूहळू परत आला. सगळा नाही. आजही शर्टाचं वरचं बटण त्यांना लावता येत नाही.

तीन महिन्यांनी ते कामावर आले. जड उचलायचं काम आता इंजिनिअर करतो. मामा दारात उभे राहून पिना आणि आकडे आठवण करून देतात. पण ‘भिऊ नका’ असं ते आता कुणाला म्हणत नाहीत. ‘भ्या वाटलं तर हातातला रबरी चेंडू दाबा, भाईर घंटी वाजती, म्या हितंच हाय,’ म्हणतात.

पहिल्या दिवशी मामीही बरोबर आल्या होत्या. सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून नवऱ्याच्या हालचाली बघत होत्या. चारच्या सुमारास त्या माझ्या खोलीत आल्या. पडद्यावर कुणाच्या तरी डोक्याचं चित्र होतं, ते बघून थबकल्या. मी पडदा बंद केला.

‘ताई, आता परत न्हाय न्हवं काय व्हायचं?’

‘डॉक्टर म्हणालेत, धोका टळलाय. वर्षानं एकदा तपासायचं.’

‘ते डाक्टर म्हनलं. तुमी काय म्हंता?’

मला सोपं उत्तर देता आलं असतं. पण मी म्हटलं, ‘मला अजून भीती वाटते, मामी. मामांसाठीच नाही, रोज कुणीही आत जाऊन झोपलं की वाटते.’

‘मलाबी वाटती,’ त्या म्हणाल्या. ‘ते झोपल्यात का न्हाय ते बगत बसती म्या.’ मग त्यांनी पिशवीतून शेंगाची चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी काढून माझ्या टेबलावर ठेवल्या, आणि पाचच्या मंगळवेढा गाडीला जागा मिळते का बघायला निघाल्या.